मुद्दा क्रमांक नऊ

लिफ्टच्या दाराशेजारी एक पाटी होती. बेबीने ती लागल्यापासून सहा वर्षं, रोज दोनदा, म्हणजे सुट्ट्या वगळून साडेतीन हजार वेळा तरी पाहिली होती आणि तिच्याविषयी तिचं एकच मत झालं होतं, की अक्षर बरं आहे. पाटीवर लिहिलं होतं : 'घरकामाच्या बायका, सामान आणणारे व पाळीव प्राणी यांनी जिन्याचा वापर करावा. – हुकमावरून.' पाळीव प्राण्यांना लेखी सूचना देण्यातली गंमत तिने एकदा मैत्रिणींना सांगितलीही होती. तिघी पोट धरून हसल्या होत्या. पुढे जे घडलं ते पाहता हे हसणं सुरुवातीलाच नोंदवून ठेवलेलं बरं.

बेबी हे तिचं घरातलं नाव. वय वर्षं सव्वीस. विसाव्या वर्षी तिने या नावाला तात्त्विक हरकत घेतली होती. प्रौढ स्त्रीला बाळ ठरवण्यामागे कोणती मानसिकता असते, यावर ती आईशी पाऊण तास बोलली. आईने सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पटलं मला. जेवायला बस, बेबी." तेव्हापासून तो विषय प्रलंबित आहे. नोकरी म्हणाल, तर एका मोठ्या कंपनीत ग्राहकांच्या तक्रारींना उत्तरं लिहिण्याची. 'आपली तक्रार विचाराधीन आहे' हे वाक्य ती एकोणीस प्रकारांनी लिहू शकत असे. ही कला पुढे तिच्या अंगाशी येणार होती, पण त्याला वेळ आहे.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सहाव्या मजल्यावरच्या तिच्या घरी तिघींची बैठक भरे. दुसरी एका बँकेत कॅशियर होती आणि तिसरी 'शहरी स्त्रियांचे मतदान-वर्तन' या विषयावर चार वर्षं पीएचडी करत होती. घरात त्यांना अनुक्रमे कॅशियर आणि पीएचडी असंच म्हणत. त्या रविवारी शहराच्या निवडणुकीचे जाहीरनामे समोर होते.

"मी सगळे तपासले," पीएचडी म्हणाली. "बाया थेट अकराव्या पानावर येतात. गटारांच्या नंतर."

"फोटोत मात्र पहिल्या पानावर," कॅशियर म्हणाली. "हसऱ्या."

"म्हणून सांगते," बेबी उभी राहून म्हणाली. महत्त्वाचं बोलायचं असलं की ती उभी राही. "चेहरा बघून मत नाही, ओळख बघून मत नाही. मुद्दा बघून मत. ज्यांच्यावर अन्याय होतो त्यांचा मुद्दा पहिल्या पानावर, पहिल्या क्रमांकावर. त्यात तडजोड केली की संपलं सगळं."

इतक्यात दार ढकलून स्वयंपाकाच्या मावशी आत आल्या. मावशी या इमारतीत अकरा वर्षं पाच घरी स्वयंपाक करत होत्या. आल्या त्या चपलांच्या कपाटावरच टेकल्या आणि गुडघा धरून म्हणाल्या, "जरा थांबा गं पोरींनो. श्वास आला की चहा टाकते."

"लिफ्ट बंद आहे का, मावशी?" बेबीने विचारलं.

मावशींनी तिच्याकडे नुसतं पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता. परीक्षेत नापास झालेल्या मुलाला शेजारीण 'कसा गेला रे पेपर?' विचारते तेव्हा तो जसा बघतो, तसं काहीसं होतं.

"लिफ्ट चालू आहे गं," त्या म्हणाल्या. "आम्हाला बंद आहे."

पीएचडीने ते वाक्य वहीत टिपून घेतलं. त्या दिवशी चहा बेबीने केला. तो कोणालाच आवडला नाही, पण सगळ्यांनी निमूट प्यायला.

बेबीचा मूळ बेत अगदी लहान होता. सेक्रेटरीकाकांना भेटायचं, पाटी काढायला सांगायचं, काकांनी 'हो' म्हणायचं. पाच मिनिटांचं काम. सेक्रेटरीकाका तिसऱ्या मजल्यावर राहत आणि चौदा वर्षं बिनविरोध निवडून येत. मनुष्य वाईट नव्हता. त्यांची श्रद्धा एका जाड, हिरव्या वहीवर होती, तिला ते प्रोसिडिंग बुक म्हणत. सभेत झालेला शब्द न् शब्द ते त्यात उतरवत आणि एकदा उतरवलेल्या शब्दाला पुढे कोणी हात लावू शकत नसे, खुद्द तेसुद्धा. चौदा वर्षांपूर्वी त्यांच्या हातून 'पाण्याची टाकी'ऐवजी 'पाण्याची काठी' लिहिलं गेलं होतं. त्या वर्षीच्या ठरावाप्रमाणे इमारतीत अजूनही दर सहा महिन्यांनी काठी धुतली जाते.

"पाटीचा ठराव आहे," काकांनी वही उघडून दाखवली. "पान बेचाळीस. एकमताने."

"मग बदलू या की ठराव."

"त्यासाठी सेक्रेटरीने विषय सभेपुढे ठेवावा लागतो."

"ठेवा ना."

"मला गरज वाटत नाही," काका प्रामाणिकपणे म्हणाले. "ज्याला गरज वाटते, त्याने सेक्रेटरी व्हावं. पुढच्या महिन्यात निवडणूक आहेच." आणि हसले. ते हसणं बेबीच्या वर्मी लागलं. तिसऱ्यावरून सहाव्या मजल्यावर येईपर्यंत तिने निवडणूक लढवायचं ठरवलं होतं. लिफ्टला त्यासाठी अकरा सेकंद लागली.

घरी बातमी फुटताच आई म्हणाली, "उभी राहा, पण अंघोळीची वेळ चुकवू नकोस." बाबा मात्र गंभीर झाले. बाबा तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले होते. दुपारची झोप हे त्यांचं आयुष्यातलं एकमेव यश, असं ते स्वतःच सांगत.

"टाकीत पाणी नाही, जिन्यात दिवा नाही, वरच्यांची मोरी गळते, हे सांगायला लोक सेक्रेटरीच्या घरी येतात ना?" त्यांनी विचारलं.

"येऊ देत. मी बघेन."

"तू ऑफिसात असतेस. दुपारी घरी कोण असतं?"

यावर बेबीने नेतृत्वाची सामूहिक जबाबदारी या विषयावर थोडं सांगितलं. बाबांनी ऐकलं आणि उशी सारखी करत आत गेले. उमेदवाराने इथे सावध व्हायला हवं होतं. उमेदवार तेव्हा अर्ज भरत होता.

घर बाबांच्या नावावर होतं, त्यामुळे बेबीला उभं राहायचं तर आधी सहसभासद व्हायला हवं होतं. त्यासाठी बाबांचा मूळ सभासद-दाखला हवा. दाखला बाबांनी बावीस वर्षांपूर्वी 'सुरक्षित जागी' ठेवला होता. घरातल्या वस्तू हरवतात तेव्हा निदान सापडायची आशा असते, सुरक्षित जागी ठेवलेल्या वस्तूंचं तसं नसतं. तीन दिवस घर उलथंपालथं केल्यावर दाखला शिवणयंत्राच्या खोक्यात, त्या यंत्राच्या हमीपत्राखाली मिळाला. यंत्र मात्र दहा वर्षांपूर्वीच आत्याकडे गेलं होतं.

सोसायटीचं कार्यालय म्हणजे जिन्याखालची खोली. उघडण्याची वेळ शनिवारी पाच ते सहा. पहिल्या शनिवारी खोली उघडी होती, काका नव्हते. दुसऱ्या शनिवारी काका होते, किल्ली नव्हती. काकांनी अर्ज उभ्याउभ्याच पाहिला.

"निळी शाई," ते म्हणाले.

"मग?"

"काळी लागते. आणि ही तुमच्या वडिलांची सही दाखल्यावरच्या सहीशी जुळत नाही."

"काका, तुम्ही बाबांना रोज भेटता!"

"मी त्यांना ओळखतो. वही ओळखत नाही."

त्या संध्याकाळी बाबा जेवणाच्या टेबलावर बसून स्वतःचीच जुनी सही गिरवत होते आणि आई मागे उभी राहून 'शेपूट अजून थोडी वर' असं मार्गदर्शन करत होती. सदतिसाव्या प्रयत्नाला बाबा बावीस वर्षांपूर्वीच्या बाबांसारखे सही करू शकले. अर्ज मंजूर झाला.

आता लढाई तत्त्वांची होती. आजवर मतदान हात वर करून होई. त्यामुळे काकांच्या नजरेसमोर काकांविरुद्ध हात वर करण्याची हिंमत कोणाला झाली नव्हती. पीएचडीने गुप्त मतदानाच्या मागणीचं तीन पानी पत्र लिहिलं, सतरा तळटिपांसह. काकांनी ते वाचलं नाही, पण वही चाळली. पान तीनवर 'गुप्त मतदान' असं स्वच्छ लिहिलेलं निघालं. काकांनी तत्काळ मान्यता दिली. बेबीचा हा पहिला विजय. बाबा तर खूपच खूश झाले.

"गुप्त म्हणजे अगदी गुप्त ना?" त्यांनी दोनदा विचारलं. "म्हणजे घरातल्यांनासुद्धा...?"

"कोणालाच कळत नाही, बाबा. तोच तर लोकशाहीचा प्राण आहे."

"छान, छान," बाबा म्हणाले. निवडणुकीत त्यांनी रस दाखवला तो हा पहिल्यांदाच.

इमारतीत चोवीस घरं होती आणि घरामागे एक मत, तेही घर ज्याच्या नावावर त्याचं. जिंकायला तेरा मतं हवीत. पत्रकाचा पहिला मसुदा एकाच मुद्द्याचा होता : पाटी काढा, लिफ्ट सर्वांची. तो घेऊन तिघी घरोघर निघाल्या.

तळमजल्यावरच्या आजींनी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाल्या, "छान आहे गं तुमचं. पण आम्ही तळाला. आम्हाला लिफ्टचं काय? पंप सकाळी अर्धा तास लवकर लावणार असशील तर बोल."

पंप हाही न्यायाचाच प्रश्न आहे, असं पीएचडीने लिफ्टमध्ये सांगितलं. पत्रकात पंप आला. चौथ्या मजल्यावरचे कुत्रेवाले म्हणाले, "पाटीवरून आधी आमच्या राजाला काढा. तो कोणाला त्रास देत नाही." त्याच वेळी राजा कॅशियरची ओढणी चावत होता. समोरच्या बाईंचं म्हणणं, राजाला इमारतीतूनच काढा. कॅशियरने दोघींना, म्हणजे बाईंना आणि कुत्रेवाल्यांच्या बायकोला, 'तुमच्या भावनांचा पूर्ण विचार होईल' असं सांगितलं. बँकेत ती हे रोज सांगत असे. पाचव्या मजल्याला गाडी उभी करायला जागा हवी होती, पहिल्या मजल्याला वरून वाळत घातलेल्या कपड्यांचं पाणी नको होतं. दुसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर या निवडणुकीचे अधिकारी होते. ते बेबीला म्हणाले, "मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे. फक्त वेळ चुकीची आहे."

"मग बरोबर वेळ कोणती, डॉक्टरकाका?"

"ती अजून आलेली नाही," डॉक्टर म्हणाले आणि सवयीने 'आ करा' म्हणता म्हणता थांबले.

प्रत्येक दारात बेबीने थोडं थोडं दिलं. देताना दर वेळी कारण रास्त होतं. पंप रास्त, कपडे रास्त, गाडीसुद्धा तशी रास्तच. शेवटी छापून आलेल्या पत्रकावर दोन्ही बाजूंना मिळून अकरा मुद्दे होते. पहिल्या पानावर बेबीचा फोटो होता. हसरा. तो कॅशियरने टाकला होता, 'जागा उरली म्हणून'. लिफ्टचा मुद्दा मागच्या बाजूला नवव्या क्रमांकावर होता, कारण पाचव्या मजल्याने सांगितलं होतं की एवढं सरळ लिहिलं तर लोक बिथरतील. त्याचा मजकूर बेबीने स्वतः तयार केला : 'लिफ्टच्या वापराबाबत सर्वसमावेशक धोरण विचाराधीन राहील.' एकोणीस प्रकारांतला हा अकरावा प्रकार होता आणि तो तिला त्या वेळी बरा वाटला होता.

मतदानाला चार दिवस उरले असताना ती ऑफिसातून परतली, तर लिफ्ट अडकली होती. सेक्रेटरीकाकांनी नवीन कपाट घेतलं होतं. कपाट लिफ्टने चाललं होतं आणि कपाट आणणारी दोन माणसं, पाटीप्रमाणे, जिन्याने. बेबीने प्रथमच जिन्याची वाट धरली. सहा वर्षांत प्रथमच. तिची सगळी प्रचारफेरी, तळमजल्यापासून सहाव्यापर्यंत आणि परत, लिफ्टने झाली होती, हे तिच्या दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, दम लागल्यावर लक्षात आलं. सोबत कोणी नाही याचं तिला बरं वाटलं.

पण सोबत होती. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर पाच बायका पायऱ्यांवर बसल्या होत्या. मध्ये मावशी होत्या. संध्याकाळच्या कामाआधी रोज दहा मिनिटं त्या इथे टेकत, हे बेबीला माहीत नव्हतं. मावशींच्या हातात बेबीचं पत्रक होतं.

"ये गं, बस," मावशी सरकल्या. "तुझंच वाचत होते. फोटो छान आलाय."

"मावशी, अहो, फोटो मी नाही..."

"एक विचारू? यात आमचं कुठे आहे?"

"नऊ नंबर."

"पान उलटायचं का?"

"हो," बेबी म्हणाली. एवढं लहान 'हो' तिच्या तोंडून आजवर निघालं नव्हतं.

मावशींनी पान उलटलं, मोठ्याने वाचलं, पुन्हा वाचलं. मग शेजारच्या भांडीवालीला विचारलं, "म्हणजे काय गं?"

"म्हणजे नाही," भांडीवाली म्हणाली. "माझा मुलगा नोकरीला अर्ज करतो, त्याला असंच उत्तर येतं."

बेबीचे कान तापले. ते उत्तर तिच्याच कंपनीचं असण्याची शक्यता बरीच होती. ती पायरीवर बसली. महिनाभरात इमारतीतल्या प्रत्येकाला तिने 'तुम्हाला काय हवंय?' असं विचारलं होतं, कुत्र्यालासुद्धा एका अर्थी. इथे मात्र विचारायचं राहून गेलं होतं.

"तुम्हाला काय हवंय?" तिने विचारलं.

"लिफ्ट," मावशी म्हणाल्या.

"आणि?"

"आणि काय? आधी ते एक होऊ दे की."

"अगं, वर जायला," भांडीवाली समजावून सांगू लागली. "खाली येऊ आम्ही जिन्याने. गप्पा इथेच होतात."

मग त्यांनी तिला मतांचा हिशेब सांगितला. कॅशियरने रंगीत तक्ते केले होते, पण तक्त्यांनी कोणाच्या स्वयंपाकघरात कधी कांदा चिरला नव्हता. डॉक्टर दोघांनाही 'हो' म्हणालेत आणि मत काकांना देणार. कुत्रेवाल्याच्या बायकोने नवऱ्याला सांगून ठेवलंय, बेबीलाच. आजी पंपासाठी तयार आहेत, पण काकांनीही पंप कबूल केलाय. "तुझी बारा पक्की," मावशी म्हणाल्या. "तेरावं तुझ्या घरचं."

"मग जिंकलेच की!"

मावशी पत्रकाची घडी घालू लागल्या. त्या बेबीच्या घरीही स्वयंपाक करत आणि दुपारी बाबा उशीशी काय बोलतात, हे त्यांना ऐकू येई.

त्या रात्रीच्या जेवणाआधी बेबीने चोवीसही घरांची दारं पुन्हा वाजवली. पुन्हा छापायला वेळ नव्हता. तिने प्रत्येक पत्रकावर पेनाने पहिल्या क्रमांकावर काट मारली आणि तिथे लिहिलं, 'पाटी काढणार. लिफ्ट सर्वांची.' नववा मुद्दा खोडला. फोटोला मिशा काढायचा मोहही झाला, पण तो आवरला. सगळं जिन्याने केलं. पाचव्या मजल्यावर तिला घेरी आली आणि ज्यांच्या गाडीचा मुद्दा होता त्यांनी तिला खुर्ची देऊन पंखा लावला. मग खोडलेलं पत्रक वाचून पंखा बंद केला. आजींनी चष्मा लावून नवा मजकूर वाचला. "हे आधीच का नाही लिहिलंस?" त्या म्हणाल्या. "पंपाचं दोघंही म्हणतात. हे एकटी तूच म्हणतेस."

मतदान रविवारी गच्चीवर होतं. सूचनेत वेळ दिली होती दहा ते बारा, आणि वहीत नियम होता की बारा वाजता सभा आपोआप तहकूब होते, मग पुढची सभा एकवीस दिवसांनी. चोवीस घरांचे चोवीस मतदार आले, काहींच्या घरचेही. बाबा धुतलेला शर्ट घालून आले, चिठ्ठी पेटीत टाकली आणि परत जागेवर बसताना बेबीकडे पाहायचं टाळून ढगांकडे पाहत राहिले. ढग त्या दिवशी एकही नव्हता.

डॉक्टरांनी मोजणी केली. दाढा मोजाव्यात तशा चिठ्ठ्या एकेक करून उजेडात धरल्या.

"सेक्रेटरीसाहेब, बारा," ते म्हणाले. "बेबी, बारा."

पीएचडी आणि कॅशियर या दोघी सभासद नसल्याने टाकीमागे उभ्या होत्या. तिथून 'पुन्हा मोजा!' असा आवाज आला. पुन्हा मोजलं. बारा, बारा. बेबीने मनात यादी वाचली. मावशींची बारा तशीच्या तशी होती. तेराव्याकडे तिने वळून पाहिलं. तेरावा आता टाकीच्या झाकणाकडे फार बारकाईने पाहत होता. आईने बेबीच्या मांडीवर हात ठेवला.

"विचारू नकोस हं," ती कुजबुजली. "गुप्त आहे ते. तूच मागून घेतलंयस."

अकरा वाजून सत्तेचाळीस मिनिटं झाली होती. काकांनी वही उघडली. "समान मतं पडल्यास चिठ्ठी काढावी," त्यांनी वाचलं. "चिठ्ठी अशा त्रयस्थ व्यक्तीने काढावी, जिला या सोसायटीत मत नाही आणि जिचा निवडणुकीशी संबंध नाही."

गच्चीवरच्या सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. ज्याला मत नव्हतं त्याच्या बापाला होतं किंवा बायकोला. टाकीमागच्या दोघींचा संबंध तर उघडच होता.

"खाली आमच्याकडे स्वयंपाकाच्या मावशी आल्यात," आजी म्हणाल्या. "त्यांना नाही मत."

"उत्तम," काका म्हणाले. "त्यांचा या सगळ्याशी काहीच संबंध नाही."

पीएचडीने टाकीमागून काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. कॅशियरने तिच्या तोंडावर हात ठेवला. बँकेत काम करणाऱ्या माणसाला कुठे गप्प राहायचं ते कळतं.

अकरा एक्कावन्न. आजींनी फोन लावला. "मावशी वर यायला निघाल्यात," त्या म्हणाल्या. "पण गुडघ्यामुळे पंधरा मिनिटं लागतील म्हणतात."

काकांनी घड्याळ पाहिलं. पंधरा मिनिटांत बारा वाजून जाणार, सभा तहकूब, एकवीस दिवस, नवी सूचना, नवी पेटी. चौदा वर्षांत त्यांची एकही सभा तहकूब झाली नव्हती. त्यांच्या कपाळावर घाम आला.

"मग लिफ्टने या म्हणावं!" ते ओरडले. "लवकर! लिफ्टने बोलवा!"

मावशी अकरा छप्पनला गच्चीवर आल्या, पदराला ओले हात पुसत. दोन घड्या केलेल्या चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात होत्या. मावशींनी डबा हलवला, एक चिठ्ठी काढली आणि उघडून स्वतःच वाचली. वाचून बेबीकडे पाहिलं. बेबीला कळलं.

"सेक्रेटरीसाहेब," मावशी म्हणाल्या.

टाळ्या वाजल्या. बाबांनी दोनच वाजवल्या आणि हात मांडीखाली घेतले. काका पुन्हा निवडून आले, आणि त्या आनंदात, अकरा अठ्ठावन्नला, त्यांनी सगळं प्रोसिडिंग आपल्या सुवाच्य अक्षरात उतरवलं, सर्वांना वाचून दाखवलं आणि सही केली.

त्या दुपारी सहाव्या मजल्यावर तीन स्त्रिया लोकशाहीच्या भवितव्याविषयी काहीही न बोलता बसल्या होत्या. बाबा आत झोपलेले नव्हते, पण डोळे मिटून होते. पीएचडी म्हणाली की प्रबंधात या अनुभवाचं एक प्रकरण करता येईल. बेबीने तिला उशी फेकून मारली.

"बाबा," तिने शेवटी दारातून हाक मारली. "मला फक्त एवढंच सांगा, का?"

डोळे न उघडता आतून उत्तर आलं, "कशाबद्दल म्हणतेस? मला काही माहीत नाही. मतदान गुप्त होतं." मग थोड्या वेळाने, बारीक आवाजात, "दुपारी दोन ते चार, बेबी. एवढंच होतं माझं."

सोमवारी सकाळी बेबी कामाला निघाली. पराभूत उमेदवाराने कसं दिसावं याचा तिने आरशात थोडा सराव केला होता. लिफ्टचं बटण दाबलं, लिफ्ट खालून वर आली, दार उघडलं आणि आतून मावशी बाहेर पडल्या. मागोमाग भांडीवाली, आणखी दोघी. चौघींनी उतरताना एकमेकींना वाट दिली, पाहुणे म्हणून गेलेल्या घरी देतात तशी.

"मावशी! काका काही बोलले नाहीत?"

"बोलले की. तळाला उभेच होते. म्हणाले, पाटी दिसत नाही का? मी म्हटलं, साहेब, वही काढा." मावशींना श्वास घ्यायला थांबायची गरज नव्हती, तरी त्या थोडं थांबल्या. "कालचं वाचा म्हटलं. त्यांनी वाचलं. 'कामाच्या बाईंना सेक्रेटरींच्या आदेशावरून लिफ्टने वर बोलावण्यात आले. सभेने त्यास हरकत घेतली नाही.' खाली त्यांची सही. मी विचारलं, तो आदेश परत घेतल्याचं कुठे लिहिलंय? त्यांनी पुढचं पान बघितलं. कोरं होतं."

"आणि या?" बेबीने बाकीच्यांकडे पाहिलं.

"त्यांचंही विचारलं. 'बाईंना' लिहिलंय, साहेब, म्हटलं, कोणत्या बाईंना ते नाही लिहिलं. बराच वेळ वहीकडे बघत बसले बिचारे. मग म्हणाले, प्रोसिडिंगमध्ये आलंय, आता माझा इलाज नाही."

महिनाभराची मेहनत, सतरा तळटिपा, अकरा मुद्दे, तीन रंगांतले तक्ते. बेबीच्या मनात हे सगळं एकदम आलं आणि ते कुठे ठेवावं ते तिला कळेना. आनंद झाला होता, यात शंका नव्हती. फक्त त्या आनंदात आपण कुठेच नाही, ही बारीक कुसळासारखी गोष्ट तिला टोचत होती आणि टोचतेय याचीच लाज वाटत होती.

संध्याकाळी ती परतली तेव्हा तळमजल्यावर लिफ्ट उभी होती. पाटी अजून होती, तिच्यावरच्या पाळीव प्राण्यांना अजून सूट मिळाली नव्हती. आत मावशी, भांडीवाली आणि दोघी उभ्या होत्या. बेबीने सवयीने पाय आत टाकला. लिफ्टने जोरात भोंगा वाजवला. दाराच्या वर लिहिलं होतं : चार माणसं. तिने पाय मागे घेतला.

मावशींनी दार धरून ठेवलं आणि तिच्याकडे पाहिलं. या वेळी नजर वेगळी होती. घरातल्या मोठ्या माणसाने धाकट्याला कामाला लावताना असते, तशी.

"तू जिन्याने ये, बेबी," त्या म्हणाल्या. "तुझे गुडघे चांगले आहेत. आणि वळणावर बस जरा, आम्ही उतरताना भेटू. पुढच्या निवडणुकीचं बोलायचंय."

लिफ्टचं दार मिटलं. बेबीने पिशवी खांद्यावर सारखी केली आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला. ती पहिल्या वळणावर पोचली, तोच वरून हिरवी वही काखेत घेतलेले सेक्रेटरीकाका जिन्याने खाली येताना दिसले. लिफ्ट भरलेली होती.